कंडक्टरबाई आणि भिंतीवरचा फोटो

कंडक्टरबाईंना 'प्रवास' या शब्दाचा मनापासून तिटकारा होता. केंद्रात तो उठता-बसता कानावर यायचा. तुमचा प्रवास सांगा. बरं होण्याचा प्रवास. या प्रवासात आम्ही तुमच्यासोबत आहोत. त्यात त्यांचा हुद्दाच 'सहप्रवासी', गळ्यातल्या ओळखपत्रावर तसं ठळक छापलेलं. बाई ते ओळखपत्र उलटं घालायच्या.

“मी अर्धं आयुष्य बसमध्ये काढलंय,” त्या म्हणायच्या. “सहप्रवासी म्हणजे जो खिडकीतून ओकतो आणि मागच्याच्या शर्टावर उडवतो, तो. वर मागे वळून बघतही नाही.”

केंद्राचं काम सांगायला सोपं होतं. जे स्वतः मनाच्या आजारातून गेलेत, त्यांनी आता आजारी असलेल्यांच्या शेजारी जाऊन बसायचं. औषध देणं डॉक्टरांचं काम. उपदेश करणारे तर घरोघरी पडलेलेच असतात. पण 'मलाही असंच झालं होतं' असं खरं बोलू शकणारा माणूस सहसा कुठे सापडत नाही. तो पुरवायचं काम केंद्र करत होतं. एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, तीन खोल्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या, आणि कायम गळणारा संडासाचा फ्लश. एका खोलीत तरुण मुलं जमायची, दुसरीत आजाऱ्यांच्या घरची माणसं, तिसरीत म्हातारी माणसं. बाई तिन्ही खोल्यांत असायच्या. आवाज असा की दार लावलं तरी तिन्हीकडे पोचायचा.

त्यांचा स्वतःचा आजार आला तो गाडीतच. भर दुपारी, खचाखच भरलेल्या बसमध्ये, त्या मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या आणि उठल्याच नाहीत. कुणी त्यांना ओलांडून उतरलं, कुणी तिकिटासाठी खांदा हलवला, एकाने चक्क हातावर पाय दिला. “मला सगळं कळत होतं,” त्या पुढे सांगायच्या. “फक्त उठायचं कशाला, ते आठवत नव्हतं.”

मग घरातली मागची खोली. अंघोळ सुटली, केसांच्या जटा झाल्या, कपडे अंगावरच ओले होऊन अंगावरच वाळायचे. सख्खी धाकटी बहीण भेटायला आली ती नाकाला रुमाल लावून दारातच उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, “भाऊजी, हिला घरात ठेवता तरी कसे?” भाऊजी, म्हणजे बाईंचा नवरा, डेपोत मेकॅनिक. बोलणं त्याला कधी जमलंच नाही. तो रोज सकाळी गरम पाण्याची बादली दाराशी ठेवून कामाला जायचा आणि संध्याकाळी आला की तेच थंडगार पाणी मोरीत ओतायचा. चिडला नाही, विनवण्या केल्या नाहीत. एक दिवस बाईंनी त्या बादलीत एक पाय बुडवला. एकच. नवरा संध्याकाळी आला तेव्हाही पाय तसाच बादलीत होता. तो खाली बसला आणि इतका रडला की बाईंनाच त्याला गप्प करावं लागलं. दुसऱ्या दिवशी दोघं हॉस्पिटलात गेले.

तिथे शेजारच्या खाटेवर एक बाई होती. पहिल्याच सकाळी ती म्हणाली, “तुझ्या अंगाला घाण वास येतोय. माझ्याही यायचा. इथलं गरम पाणी लवकर संपतं, उद्या माझ्याबरोबर ऊठ.” झालं. कीव नाही, की रुमाल नाही. कंडक्टरबाई म्हणायच्या, मला जे काही येतं ते एवढंच येतं, आणि ते त्या बाईने शिकवलं. केंद्राच्या प्रशिक्षणात काय शिकवलं ते विचारलं की त्या म्हणायच्या, “बिस्किटं चांगली होती.”

एकदा घरच्यांच्या बैठकीला एक नवा माणूस आला. इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट, विमा कंपनीत नोकरी. बसण्याआधी त्याने रुमालाने खुर्ची पुसली. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांचं डोकं तिथेच सणकलं. त्याची आई वारली होती आणि तेव्हापासून वडिलांनी घराबाहेर पडणं बंद केलं होतं. कचरासुद्धा बाहेर टाकत नव्हते. शेजारी तक्रारी करत होते.

“तुम्ही आत गेला होतात का?” बाईंनी विचारलं.

“दारापर्यंत.”

“दारापर्यंत तर शेजारीही जातात.”

तो बुटांकडे बघत म्हणाला, “बाबा प्लंबर होते. गटारं, संडास, सगळं तेच बघायचे. शाळेत मला पोरं 'गटार' म्हणायची. नावाने कुणी हाक मारलीच नाही. मी दिवसातून दोन-दोनदा अंघोळ करायचो. अजून करतो. आणि आता त्यांनी घराचंच गटार केलंय. मला नाही जमत, ताई. उंबऱ्यावर गेलो तरी पोटात ढवळतं.”

आजूबाजूच्या माणसांनी माना खाली घातल्या. कुणाला तो पटला, कुणाला त्याचा राग आला. बाईंना दोन्ही झालं.

त्याच आठवड्यात बाई त्या घरी गेल्या. बरोबर केंद्राचा समन्वयक होता, सडपातळ, मोबाइलवरून नजर न हलवणारा तरुण. मुलाने किल्ली दिली होती, पण बाईंनी ती वापरली नाही. दार वाजवत राहिल्या. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. फुटलेल्या पिशव्यांतून काळं पाणी फरशीवर ओघळून तिथेच चिकट होऊन वाळलेलं. भांड्यांत जे शिजवलेलं होतं त्यावर लव उगवली होती आणि त्या लवेखाली काहीतरी हलत होतं. पाइपांचे तुकडे, नळाच्या तोट्या, जुने वॉशर ढिगाने. ज्याने गावभरचे नळ दुरुस्त केले त्याच्याच मोरीचं तोंड तुंबलेलं, त्यात पाणी साचून त्यावर साय धरलेली. आणि पलंगावर, पिवळी पडून चिखलासारखी झालेली गादी, तिच्यावर म्हातारा. विजार ओली होती, आणि ती आजची ओली नव्हती.

बाईंनी पिवळे रबरी हातमोजे चढवले, तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली, “नमस्कार काका” एवढं म्हणाल्या, आणि पुढच्या क्षणी मोरीकडे धावल्या. सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं. ओकाऱ्या थांबेनात.

मागून खरखरीत हसण्याचा आवाज आला. प्लंबरकाका हसत होते. हळूहळू उठून त्यांनी खिडकीतला एक काचेचा पेला घेतला. त्या अख्ख्या खोलीत तेवढी एकच वस्तू स्वच्छ होती. पाणी भरून त्यांनी तो बाईंपुढे धरला.

“घ्या. झाली तुमचीही भर.”

“तुमची मोरी तुंबलीय, काका,” चूळ भरत बाई म्हणाल्या. “माझं ओकणं खाली जात नाहीये.”

“ठाऊक आहे. तुंबवायला किती महिने लागले, काय सांगू.”

समन्वयक दारातच उभा होता. त्याच्या हातात मोबाइल होता, पण तो नेहमीच असायचा. बाईंचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी काहीच साफ केलं नाही. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या आणि आपल्या जटांची गोष्ट सांगितली. नवऱ्याने कात्रीने कापल्या तेव्हा आतून काय काय निघालं तेही सांगितलं. काका मध्येच म्हणाले, “उवा?” बाई म्हणाल्या, “उवा तर होत्याच, एक बटणही निघालं.” काका पुन्हा हसले.

मग काम सुरू झालं, आणि ते पावलापावलाने झालं. बाई एकेक वस्तू उचलायच्या आणि विचारायच्या, ठेवायचं की टाकायचं? काका ज्याला 'ठेव' म्हणतील ते राहायचं, मग ते सडकं का असेना. बायकोची उशी त्यांनी किती तरी दिवस टाकू दिली नाही, आणि तिला जी दुर्गंधी सुटली होती ती सांगवत नाही. एक दिवस त्यांनीच ती उचलली, जिना उतरून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि डब्याशी बराच वेळ उभे राहिले. गादी गेली. विजारी गेल्या. मोरी काकांनी स्वतः उघडली, बाईंना जवळ फिरकू दिलं नाही. “हे माझं काम,” म्हणाले. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी जे बाहेर काढलं ते पाहून बाई पुन्हा ओकल्या, या वेळी खिडकीतून.

काही महिन्यांनी काका केंद्रात येऊ लागले. म्हाताऱ्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसायचे, फारसे बोलायचे नाहीत. फ्लश गळतोय हे कळल्यावर मात्र त्यांना चैन पडेना. पुढच्या वेळी हत्यारं घेऊन आले आणि तो दुरुस्त करूनच चहा प्यायले. आता मुलगाही अधूनमधून त्यांच्या घरी जायचा. उंबरा ओलांडून आत जायचा, पण बसायचा नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग वार्षिक कार्यक्रम आला.

केंद्र चालवायच्या त्या मॅडम. गोड आवाज, समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बोलायची सवय. वाईट बाई नव्हत्या. केंद्र त्यांनीच उभं केलं, जागा मिळवली, डॉक्टरांना गळ घालून आणलं. पण देणग्या देणारे आले की त्यांच्या आवाजात पाक उतरायचा आणि त्या सगळ्यांच्या दुखण्यांची ओळख करून द्यायच्या. 'ही आमची टोपी.' टोपी म्हणजे तरुणांच्या गटातली एक मुलगी. ताण आला की स्वतःचे केस उपटायची, म्हणून ऊन असो की गारठा, डोक्यावर लोकरीची टोपी. मॅडम पाहुण्यांपुढे म्हणायच्या, “दाखव ना गं, आता किती छान उगवलेत,” आणि ती मुलगी टोपी काढायची. बाईंनी ते एकदा पाहिलं होतं. जनावरांच्या बाजारात दात बघतात तसं वाटलं होतं त्यांना. मॅडमना तसं तोंडावर सांगितलंही होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, “तुम्ही फार कडवट बोलता हो, पण मनाने सोन्यासारख्या आहात.” त्या 'सोन्यासारख्या'नेही बाईंना मळमळलं होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी बाई सभागृहात खुर्च्या मांडायला गेल्या. मंचाच्या मागच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत एक बॅनर लटकत होता. डाव्या अर्ध्यावर 'आधी', उजव्या अर्ध्यावर 'नंतर'. 'नंतर'मध्ये प्लंबरकाका स्वच्छ शर्टात, हातात चहाचा कप. 'आधी'मध्ये ती खोली. ती गादी. ओली विजार. भांड्यांतली लव इतकी मोठी करून छापली होती की केस दिसावेत. काकांच्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढली होती, वर्तमानपत्रात गुन्हेगाराच्या ओढतात तशी. आणि फोटोच्या कडेला, मोरीच्या काठावर टेकलेला, पिवळ्या रबरी हातमोज्यातला एक हात. बाकी बाई फोटोत आल्या नव्हत्या.

बाई तशाच मॅडमकडे गेल्या. मॅडम फुलांचे गुच्छ मोजत होत्या.

“हे कुणी लावलं?”

“आवडलं ना? अंगावर काटा येतो की नाही?”

“काढा ते.”

“अहो, चेहरा झाकलाय. आणि मुलाची परवानगी आहे.”

“मुलाची? गादीवर मुलगा होता का?”

“ते त्या वेळी सांगण्याच्या मनःस्थितीत नव्हते ना.”

“मग आज आहेत. आज त्यांचा सत्कार करताय म्हणजे आज त्यांना अक्कल आहे, असं धरून चालू. आज विचारलंत?”

मॅडमनी बाईंचे हात आपल्या हातांत घेतले. “लोकांना दिसलं पाहिजे आपण कुठून कुठे आणतो माणसाला. न दाखवता कोण मदत करतं? मलाही हे आवडतं असं वाटतं का तुम्हाला? पाहुणे दारात आलेत. कार्यक्रम झाला की काढू, माझा शब्द.”

बाईंनी हात सोडवून घेतले आणि कपड्यांना पुसले. मंचावर जाऊन बॅनरच्या खालच्या दोऱ्या सोडायला लागल्या. वरच्या दोऱ्यांना हात पोचेना, आणि शिडी समन्वयकाने उचलून नेली होती. तेवढ्यात दारातून प्लंबरकाका आत आले. नवा शर्ट, भांग पाडलेला, मागे मुलगा. काका चालता चालता थांबले.

मग जवळ आले आणि त्यांनी फोटोतल्या गादीवर बोट टेकवलं.

“ही तर टाकली होती ना आपण?”

“टाकली होती, काका.”

त्यांचं बोट सरकत सरकत कडेच्या पिवळ्या हातावर आलं. त्यांनी बाईंकडे फक्त एकदा पाहिलं, आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसले.

कार्यक्रम सुरू झाला. मुलगा मंचावर गेला. वडिलांना त्या नरकातून बाहेर काढताना आपण काय सोसलं ते त्याने सांगितलं. शेवटी रडला, रुमाल निघाला. तोच रुमाल, ज्याने तो खुर्च्या पुसायचा. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी 'आधी'कडे बघून नाक मुरडलं, मग 'नंतर'कडे बघून डोळे टिपले, आणि मग बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला. कंडक्टरबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. प्लंबरकाकांच्या घरात त्या दोनदा ओकल्या होत्या, पण इथे जे पोटात ढवळत होतं ते ओकूनही पडलं नसतं.

काकांना मंचावर बोलावलं. ते गेले. गुच्छ घेतला नाही. माइक मात्र हातात धरला.

“मी जन्मभर लोकांच्या संडासात हात घातले,” ते म्हणाले. आवाज शांत होता. “तुमच्यातल्याही काहींच्या घातले असतील. पोटातलं, अंगावरचं, लपवलेलं, सगळं पाहिलं. काय काय निघायचं ते कधी बायकोलाही सांगितलं नाही. कुणाच्या घराचा फोटो काढला नाही मी.”

टाळ्या वाजल्या. आधी एक-दोन, मग सगळं सभागृह. काही जण उभे राहिले. मंचावरचे प्रमुख पाहुणे माइककडे झुकून म्हणाले, “केवढा प्रामाणिकपणा! हीच खरी प्रेरणा.” मॅडमचे डोळे भरून आले होते, आणि ते खरोखरच भरून आले होते, हे सगळ्यात वाईट. कुणाला काही कळलंच नव्हतं. त्यांना थोबाडीत बसली होती आणि ते गाल पुढे करून वाहवा करत होते.

काकांनी माइक खाली ठेवला, पायऱ्या उतरले आणि दारातून निघून गेले. मुलगा जागेवरून उठला नाही.

चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, बाई एका टेबलावर खुर्ची ठेवून वर चढल्या आणि केक कापायच्या सुरीने बॅनरच्या दोऱ्या कापल्या. तो धप्पकन मंचावर पडला. एक पाहुणा दचकून बाजूला झाला. बाईंनी गुंडाळी केली, खांद्यावर टाकली आणि बसमधल्या आवाजात ओरडल्या, “सरका! वाटेत उभं राहू नका!” लोक सरकले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावून घेतलं. दार लावून घेतलं, पाणी दिलं, आणि नेहमीपेक्षाही मऊ आवाजात विचारलं, “ताई, गोळ्या वेळेवर घेताय ना? मला काळजी वाटते. तुमचा आजार पुन्हा डोकं वर काढत नाहीये ना?”

बाईंनी आयुष्यात बरंच ऐकलं होतं. बहिणीचं वाक्य ऐकलं होतं, बसमध्ये शिव्या ऐकल्या होत्या. पण बहीण निदान वास येतोय म्हणून नाक झाकत होती. इथे चीड आली तर तीही आजारात धरणार होते.

“आजारी असताना मला राग येत नव्हता, मॅडम,” त्या म्हणाल्या. “तोच तर आजार होता.”

त्यांना घरोघरी जाण्याच्या कामातून काढलं. तरुणांचा आणि घरच्यांचा गट मात्र त्यांच्याकडेच राहिला, कारण ते बघायला दुसरं कुणी नव्हतं. तरुणांच्या गटात त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. काय लावलं होतं, काय झालं, आपला हात त्यात कसा होता. पोरं ऐकत होती. टोपी म्हणाली, “मावशी, माझा व्हिडिओ आहे त्यांच्याकडे. टोपी काढतानाचा. पाहुण्यांना पाठवतात तो.”

“तुला विचारलं होतं?”

“विचारलं होतं. पण नाही म्हणता येईल असं विचारलं नव्हतं.”

पुढचं पोरांनी केलं. बाईंनी त्यांना ना चिथावलं, ना अडवलं. सगळी मिळून मॅडमच्या खोलीत गेली आणि आपले फोटो, व्हिडिओ, भिंतीवर लावलेल्या फ्रेम, सगळं काढा म्हणून बसून राहिली. मॅडमनी समजावलं, हात धरले. पोरांनी हात मागे घेतले आणि दुसऱ्या आठवड्यापासून यायचं बंद केलं. तरुणांची खोली ओस पडली. रिकाम्या खोलीत पाहुण्यांना काय दाखवणार? शेवटी भिंती मोकळ्या झाल्या. फ्रेम उतरवल्या तिथे फिके चौकोन उरले. पोरं परत आली.

काही दिवसांनी बाईंनी मॅडमना फोनवर बोलताना ऐकलं. “आमच्याकडे आम्ही कुणाचे फोटो काढत नाही, तत्त्व म्हणून. माणसाची प्रतिष्ठा आमच्यासाठी सर्वांत मोठी.” तोच पाक, तोच आवाज. बाई संडासात जाऊन भराभर गार पाणी तोंडावर मारून आल्या.

प्लंबरकाकांनी मात्र दार उघडलं नाही. बाईंना तिथे पाठवणारं आता कुणी नव्हतं, तरी त्या जायच्या. बॅनर त्यांनी नवऱ्याच्या मदतीने डेपोच्या मागे चिरफाळून टाकला होता. ते त्यांनी दाराबाहेरून सांगितलं. मग दाराच्या फटीतून वास यायला लागला. आधी बारीक, मग ओळखीचा. वरच्या मजल्यावरची बाई जिना उतरताना म्हणाली, “परत सुरू झालं का यांचं? किळस येते हो.” बाई जिन्यातच बसल्या होत्या. म्हणाल्या, “मग नाक धरा आणि जा.”

एका दुपारी आतून आवाज आला. “तुला माहीत होतं?”

“नव्हतं. मी ओकत होते.”

“तिथे होतीस ना.”

“होते.”

“मग त्या पोराला विचारायचं होतंस, मोबाइल कशाला काढलास म्हणून.”

“हो. विचारायला हवं होतं.”

बाई घरी गेल्या. पुढच्या खेपेला कडी काढलेली होती, दार मात्र लोटलेलंच. आत पिशव्या पुन्हा साठल्या होत्या, पहिल्याइतक्या नाहीत. काका पाठ करून बसले होते. “मोरी चालू आहे,” एवढंच म्हणाले. बाईंनी बाह्या सरसावल्या आणि पहिली पिशवी उचलून विचारलं, ठेवायचं की टाकायचं? काकांनी उत्तर द्यायला फार वेळ लावला. केंद्रात ते पुन्हा कधी आले नाहीत. मुलाला घरात घेतलं नाही.

म्हणून मुलगा घरच्यांच्या बैठकीला पुन्हा यायला लागला. बाईंनी त्याला दारात पाहिलं आणि त्यांच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. इतर माणसं खुर्च्या सरकवून लांब बसली. सगळ्यांना कळलं होतं. बैठक संपली, माणसं गेली, तो तसाच बसून राहिला.

“ताई, मला कळत नाही मी तिथे का रडलो,” तो म्हणाला. “मला वाटलं, घाण ते होते हे एकदा सगळ्यांना दिसलं, की मी घाणीतला नाही हे पटेल. टाळ्या वाजत होत्या तेव्हा बरं वाटलं मला. खरं सांगतोय. आणि आता घरी अंघोळ करतो, तर साबण संपतो पण वास जात नाही. बायको म्हणते, कसलाच वास येत नाहीये.”

बाईंना त्याला उठवून बाहेर काढावंसं वाटत होतं. त्याच्या चकचकीत बुटांवर थुंकावंसं वाटत होतं. आणि तो जे सांगत होता ते त्यांना नखशिखांत ठाऊक होतं. हॉस्पिटलातून घरी आल्यावर त्याही कितीतरी दिवस मनगट नाकाशी धरून हुंगत बसायच्या.

“मला तुमची किळस येते,” त्या म्हणाल्या. “हे आधी सांगते, कारण तुम्हाला ते दिसतंच आहे.”

त्याने मान हलवली.

“आता त्या वासाचं सांगा. कधी जास्त येतो?”

तो सांगायला लागला. लांबण लावली, मध्येच स्वतःची बाजू मांडली, दोनदा खोटं बोलला. बाहेर शिपाई दिवे मालवायला आला होता. बाईंनी त्याला थांबायची खूण केली आणि ऐकत राहिल्या.